निळ्या पाण्याची बाटली

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हिवाळ्यात डोळ्यांदेखत गोठणारी वस्तू बहुधा एकच, न्हाणीघरातील खोबरेल तेलाची बाटली. दिवाळी सरली, पहाटेचा गारवा वाढला की तेल पांढरे होऊन बसते. मग ती बाटली घटकाभर उन्हात ठेवावी किंवा कढत पाण्याच्या तांब्यात बुडवावी, की काम भागते. मोटारीच्या काचेवर उडवायचे पाणी गोठले तर काय करावे, हा प्रश्न दारव्हा, दिग्रस, पुसदकडच्या माणसाला पडण्याचे कारण नाही. आपल्याकडे पारा फार उतरला तरी आठ-दहा अंशांवर थांबतो.

तरीही या वेळचा लेख त्याच प्रश्नावर लिहीत आहे. त्याला निमित्त झाले दारव्हा तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या आणि त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत मिनियापोलिसला मुलाकडे गेले होते. मुलगा त्याच वर्षी टेक्सासहून तेथे बदलून आलेला. जानेवारीतील एका सकाळी सुनेला तपासणीसाठी न्यायचे होते. रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वितळलेल्या बर्फाचा चिखल उडून समोरची काच मळलेली. मुलाने बटण दाबले, वायपर फिरले, पण पाणी आले नाही. त्याने पुन्हा पुन्हा दाबले. बाई लगबगीने आत जाऊन किटलीत पाणी उकळून घेऊन आल्या. "आई, नको नको! काच तडकेल," मुलगा ओरडला.

तेवढ्यावर निभावले असते तर बाईंनी पत्र लिहिले नसते. त्या दिवशी मुलाने दुकानातून निळ्या द्रवाचा मोठा कॅन आणला, टाकी भरली आणि अडीनडीला असावा म्हणून थोडा द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून गाडीत ठेवला. दोन दिवसांनी संध्याकाळी परतताना मागच्या आसनावरील बाबांना तहान लागली. त्यांना मधुमेह असल्याने त्यांचा घसा वारंवार कोरडा पडतो. अंधारात निळा रंग दिसला नाही. त्यांनी बाटली उघडून घोट घेतला आणि म्हणाले, "अरे, या पाण्याला कसला वास येतो आहे?" मुलाने गाडी तेथेच थांबवली. "बाबा, गिळू नका, थुंका!" घोटाचा काही भाग मात्र पोटात गेला होता. रुग्णालयात रक्त तपासले, एक दिवस देखरेखीखाली ठेवले, आणि यजमान सुखरूप घरी आले. पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिले आहे, "काचेचे पाणी हा आमच्या वयाच्या माणसांचा विषय आहे, असे आम्हांला वाटलेच नव्हते. तुम्ही तो इतरांना सांगावा."

त्यांची सूचना योग्य आहे. आपल्या जिल्ह्यातीलही अनेक मुले-मुली आज थंड देशांत नोकरी करतात आणि बाळंतपणाच्या निमित्ताने आजी-आजोबा ऐन हिवाळ्यात तेथे जातात. ज्यांना कोठेच जायचे नाही, त्यांच्याही उपयोगाचे यात पुष्कळ आहे.

पाणी का गोठते आणि ते निळे पाणी का गोठत नाही

साधे पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. मिनियापोलिसमध्ये जानेवारीत उणे वीस अंश ही नवलाची गोष्ट नाही. उष्ण प्रदेशात किंवा उन्हाळ्यात टाकीत भरलेले पाणी वा सौम्य द्रव अशा थंडीत दगडासारखा होतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे प्लॅस्टिकची टाकी किंवा नळी फुटूही शकते. टेक्सासहून आलेल्या गाडीच्या टाकीत तेथलाच द्रव शिल्लक होता. घोटाळा झाला तो एवढाच.

थंड देशांत याकरिता हिवाळ्याचा वेगळा द्रव मिळतो. त्यात पाण्यात अल्कोहोल मिसळलेले असते. अमेरिकेत आणि कॅनडात हे अल्कोहोल बहुतेक वेळा मिथेनॉल असते. शुद्ध मिथेनॉल उणे ९७ अंशांच्या आसपास गोठते. पाण्यात ते जितके अधिक, तितका मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो. हिवाळी द्रवात त्याचे प्रमाण बऱ्याचदा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते. कॅनवर तापमानाचा आकडा छापलेला असतो. अमेरिकेत तो फॅरनहाइटमध्ये असतो, हे ध्यानात ठेवावे. उणे २० फॅरनहाइट म्हणजे सुमारे उणे २९ सेल्सिअस. उणे ४० हा आकडा मात्र दोन्ही मोजमापांत एकच आहे.

थोडक्यात, जे पाण्याला गोठू देत नाही, तेच माणसाच्या डोळ्यांना आणि प्राणाला घातक आहे. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील सर्व काळजी आपोआप सुचते.

गोठल्यावर काय करावे

पहिली गोष्ट, बटण दाबणे थांबवावे. बर्फाने अडलेला पंप जोर करीत राहतो आणि फ्यूज उडतो किंवा मोटार जळते.

दुसरी, उकळते पाणी काचेवर किंवा टाकीवर ओतू नये. थंडगार काचेवर कढत पाणी पडले की तिचा एक भाग एकदम प्रसरण पावतो, शेजारचा तसाच राहतो, आणि काच तडकते. खाली सांडलेले पाणी काही मिनिटांत गोठून पायाखाली काचेसारखा गुळगुळीत थर तयार होतो. त्यावरून पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे हे उतारवयात किती महागात पडते, ते या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. खोबरेल तेलाची आपली युक्ती येथे कामाची नाही.

तिसरी, गाडी उबेच्या जागी ठेवावी. तापवलेल्या गॅरेजमध्ये किंवा एखाद्या इमारतीच्या तळघरातील वाहनतळात, इंजिन बंद करून, काही तास ठेवली की टाकीतील बर्फ वितळते. वितळल्यावर जुना द्रव फवारून संपवावा आणि हिवाळी द्रव भरावा. प्रवासात द्रव फवारण्यापूर्वी आतील गरम हवेने काच उबदार करून घ्यावी. टाकीत न गोठलेला द्रवही वेगात धावणाऱ्या गाडीच्या थंड काचेवर पडताक्षणी गोठू शकतो, आणि मग समोरचे काहीच दिसत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बर्फ लवकर वितळावे म्हणून घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये. दार थोडे उघडे ठेवले म्हणून भागत नाही. गाडी बाहेर मोकळ्या हवेत काढावी आणि धुराच्या नळीपुढील बर्फ आधी दूर करावे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. "सर्दी-ताप येतो आहे वाटते" म्हणून माणूस आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. हृदयरोग्यांना आणि वृद्धांना त्याची बाधा लवकर होते.

हा वायू आपल्या ओळखीचा आहे. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीतून तोच निघतो. थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे कारण हेच असते. शेक घेताना खिडकी उघडी असावी आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी. हा नियम यवतमाळला जसा, तसाच मिनियापोलिसला.

या सगळ्या खटाटोपात आजी-आजोबांनी मदतीसाठी बाहेर धावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. त्यात काचेवरचे बर्फ खरवडणे किंवा अंगणातले बर्फ फावड्याने उपसणे हे श्रम पडले की छातीत कळ येण्याचा धोका असतो. मुलाला मदत करायचीच असेल, तर आदल्या संध्याकाळी एवढे विचारावे, "बाळा, काचेचे पाणी हिवाळ्याचे भरले आहेस ना?"

बाटलीतील विष

मिथेनॉल पोटात गेल्यावर लगेच फारसे काही होत नाही, आणि फसगत होते ती येथेच. सुरुवातीला थोडी झिंग, थोडी मळमळ, एवढेच. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल साचायला वेळ लागतो. म्हणून गंभीर लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. श्वास जोराने चालू लागतो, पोटात दुखते, दृष्टी धूसर होते. आपण बर्फाच्या वादळात उभे आहोत असे पांढुरके दिसते, असे अनेक रुग्ण सांगतात. फॉर्मिक आम्ल डोळ्यांच्या नसांवर आघात करते आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. शुद्ध मिथेनॉल दोन लहान चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, एवढे थोडे असले तरी दृष्टी जाऊ शकते.

मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्या दारूतील विष हेच मिथेनॉल होते. हे ठाऊक असूनही निळ्या कॅनमध्ये तेच द्रव्य आहे, हे आपल्या मनात येत नाही, कारण ते गाडीच्या सामानाच्या फळीवर ठेवलेले असते.

युरोपीय संघाने सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या अशा द्रवातील मिथेनॉलवर २०१८ च्या नियमाने ०.६ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे तेथील द्रवात बहुधा इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. तेही पिण्याचे नव्हेच. बर्फ वितळवण्याच्या आणि इंजिन थंड ठेवण्याच्या काही द्रवांत इथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर आणि मूत्रपिंडांना घातक असते.

असा द्रव कोणी प्यायले असे समजले, किंवा नुसता संशय आला, तर पुढीलप्रमाणे वागावे. तोंड पाण्याने धुऊन चूळ थुंकायला लावावी. उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये, "उतारा" म्हणून घरची दारू तर मुळीच देऊ नये. माणूस ठणठणीत दिसत असला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ती बाटली व मूळ कॅन सोबत न्यावा. वेळेत पोहोचल्यास मिथेनॉलचे विषात रूपांतर थांबवणारे औषध देता येते आणि गरज पडल्यास डायलिसिसने रक्त शुद्ध करता येते. अमेरिकेत विषबाधेसाठी चोवीस तास चालणारा दूरध्वनी १-८००-२२२-१२२२ हा आहे, तर तातडीसाठी ९११. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

काळजीवाहकांनी विशेष जपावे ते स्मृतिभ्रंश झालेल्या आणि मोतीबिंदूमुळे कमी दिसणाऱ्या माणसांना. निळा, हिरवा, गुलाबी द्रव त्यांना सरबतासारखा वाटतो. जे पाण्याच्या बाटलीत आहे ते पाणीच, ही जन्मभराची सवय त्यांचा हात पुढे करते. नातवंडांचेही तेच. म्हणून असा द्रव सदैव मूळ कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून, कुलपात किंवा उंच फळीवर असावा. गाडीत न्यायचाच असेल तर मूळ वेष्टनासह सामानाच्या डिकीत, मागच्या आसनापाशी कधीही नाही.

आपल्या जिल्ह्यात

कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे झाले. पण डब्यातील द्रव काय करू शकतो, हे यवतमाळ जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असेल? २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील खाटा त्यांनी भरून गेल्या, आणि जिल्ह्यातील वीसच्या आसपास माणसे गेली. ते विष वेगळे आणि ते शरीरात शिरण्याची वाटही वेगळी. परंतु उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून गोठ्यात ठेवण्याची, फिनेल आणि ॲसिड पाण्याच्या बाटलीत आणण्याची सवय आपल्या घरांत आजही आहे. दारव्ह्याच्या बाबांच्या हाती आलेली बाटली आणि आपल्या न्हाणीघरातील बाटली यांत फरक फक्त रंगाचा आहे.

काचेच्या पाण्याविषयीही आपल्यापुरते सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे ते गोठत नाही म्हणून आपण नळाचे साधे पाणी भरतो आणि महिनोन्‌महिने तसेच ठेवतो. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. फवाऱ्याच्या तुषारांतून तो श्वासात गेल्यास न्यूमोनिया होतो, आणि पन्नाशीपुढील माणसांना, धूम्रपान करणाऱ्यांना व फुप्फुसाचे विकार असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. इंग्लंडच्या आरोग्य संरक्षण संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टाकीत निव्वळ पाणी भरणाऱ्या वाहनचालकांत हा आजार अधिक आढळला. काच धुण्याचा द्रव मिसळणे हा सोपा उपाय असल्याचे त्या अभ्यासाने सुचवले. आपल्याकडे गाडीच्या सामानाच्या दुकानात तो द्रव मिळतो. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे पाण्यात मिसळावा, आणि मूळ वेष्टनातच जपून ठेवावा. भांड्यांचा साबण घालू नये. त्याचा फेस होतो, काचेवर थर राहतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर पसरून डोळे दिपतात.

हिवाळ्यात हे फार जवळचे प्रश्न होतात. सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या रुग्णालयात सकाळी लवकर नंबर लागावा म्हणून आपल्याकडची कुटुंबे पहाटे अंधारात निघतात. कळंब, देवळी मागे टाकीत वर्ध्याकडे जाताना नदीच्या पट्ट्यात धुके भेटते. गाडीत चार-पाच माणसे, अंगावर शाली, खिडक्या बंद, आणि सर्वांच्या श्वासाने काच आतून धूसर झालेली. चालवणारा एका हाताने काच पुसतो आणि दुसऱ्या हाताने गाडी सावरतो. असे करू नये. हवा समोरच्या काचेवर सोडावी, आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद ठेवून बाहेरची हवा घ्यावी, आणि थंडी असली तरी एसी चालू करावा. तो हवेतील ओलावा काढतो आणि काच मिनिटा-दोन मिनिटांत स्वच्छ होते. गरम हवेचे बटण सोबत चालू ठेवले की आजोबांना गारठाही वाजत नाही. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो. फारच दाटले तर रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी थांबावे. दवाखान्यातला नंबर मागे गेला तरी चालेल.

दारव्ह्याच्या बाईंनी पत्रासोबत आणखी एक ओळ पाठवली होती. गावी परतल्यावर त्यांनी पहिल्याच रविवारी न्हाणीघर, गोठा आणि गाडी पालथी घातली. पाण्याच्या आणि शीतपेयाच्या अशा चार बाटल्या निघाल्या, ज्यांत पाणी नव्हते. वाचकहो, हा अंक हातावेगळा केल्यावर आपणही आपल्या घरातील अशा बाटल्या शोधाव्यात. त्यांतील द्रव मूळ डब्यात परत ओतावा. मूळ डबा नसेल तर बाटलीवर ठळक अक्षरांत "विष" असे लिहून ती कुलपात ठेवावी. बाटली रिकामी झाली की ती छेदून टाकावी, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी पाणी भरणार नाही. आणि परदेशी निघालेल्या आजी-आजोबांनी बॅगेत औषधांची चिठ्ठी ठेवताना तिच्या मागे दोन ओळी लिहून घ्याव्यात. गाडीतील बाटलीतले पाणी स्वतः भरलेले असेल तरच प्यायचे, आणि बंद गॅरेजमध्ये चालू गाडीत बसायचे नाही.